इंग्लंडमधली जुनी बाजाराची गावं: कुठे जायचं, कधी जायचं, काय बघायचं

गावकुस (धागाकर्ता)

मे महिना जवळ आला की "आई-बाबा येतायत, इंग्लंडमधलं खेडं दाखवायचंय, कुठे नेऊ?" असे व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू होतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढतोय. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी माझं मत सांगून टाकतो. फोटोंत दिसणारी गोंडस खेडी तासाभरात बघून होतात. मन रमतं ते बाजारपेठेच्या गावांत. इथे त्यांना मार्केट टाउन म्हणतात. तिथे बाजाराच्या वारी जा आणि जमलं तर एक रात्र मुक्काम करा. संध्याकाळी पाच-सहाला पर्यटकांच्या बस निघून गेल्या की गाव गावकऱ्यांचं होतं. शाळेतली पोरं चौकात बसतात, पबमध्ये शेतकरी येतात, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांचा सराव चालू असतो.

ही गावं वाढली कशी हे थोडं माहीत असलं की फिरताना डोळे उघडतात. मध्ययुगात कुणालाही उठून बाजार भरवता येत नसे. त्यासाठी राजाची सनद लागायची. बाजाराचा वार आणि वार्षिक जत्रेच्या तारखा सनदेतच लिहिलेल्या असत. सनद मिळवणारा जमीनदार किंवा मठ दुकान मांडायचं भाडं आणि जकात वसूल करायचा, त्यामुळे सनदेसाठी चढाओढ असे. तेराव्या शतकातल्या एका कायदेग्रंथात तर दोन बाजारांमधलं अंतरही सांगितलंय: सहा मैल आणि वर दोन-तृतीयांश. हिशेब असा की माणूस दिवसात वीस मैल चालतो. त्यातला एक तृतीयांश दिवस जायला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला आणि उरलेला अंधार पडायच्या आत घरी परतायला. बाजारात भांडण झालं तर निवाडा तिथल्या तिथे करणारं वेगळं न्यायालय असे, कारण व्यापारी दुसऱ्या दिवशी भलत्याच गावी असणार. आपला आठवडी बाजार ज्याने पाहिलाय त्याला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही.

गावाचा आकारही बाजारानेच ठरवलाय. मुख्य रस्ता मध्येच फुगून रुंद होतो, ती जागा गाड्या आणि जनावरं उभी करायची. दोन्ही बाजूंची घरं दर्शनी भागात अरुंद आणि मागे लांबच लांब, कारण बाजारावर तोंड असलेली प्रत्येक फूट जागा महाग. स्टो-ऑन-द-वोल्डला चौकात येणाऱ्या बोळी इतक्या चिंचोळ्या आहेत की मेंढ्या एकामागून एक याव्यात आणि मोजता याव्यात. त्या बोळींतून चालताना खांदे भिंतींना लागतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या पट्ट्यातलं चिपिंग कॅम्पडन सुचवतो. भर रस्त्यात १६२७ सालची बाजारशाळा, म्हणजे मार्केट हॉल, उभी आहे. चारी बाजूंनी दगडी कमानी, वर लाकडी छप्पर, आत भिंत नाही. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांना पावसात आडोसा मिळावा म्हणून बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या धनिकाने ती बांधून दिली. आत जाऊन जमिनीकडे बघा. फरशीचे दगड झिजून इतके उंच-सखल झालेत की उभं राहिलं तरी तोल सावरावा लागतो. १९४० च्या दशकात ही इमारत अमेरिकेत कुणाला तरी विकली जायच्या बेतात होती. गावाने वर्गणी काढून ती आधी विकत घेतली आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली.

तिथून पाच-सात मिनिटांवर सेंट जेम्स चर्च. असल्या चर्चना लोकरीची चर्च म्हणतात, कारण ती लोकरीच्या पैशातून उभी राहिली. जमिनीत विल्यम ग्रेव्हल या व्यापाऱ्याचा पितळी पत्रा बसवलाय, मृत्यू १४०१. त्यावर त्याला अख्ख्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमधलं फूल म्हटलंय. त्याचं घरही मुख्य रस्त्यावर अजून उभं आहे.

मग प्रश्न येतो की हे सगळं टिकलं कसं? मला भावलेलं उत्तर असं: पैसा आला तेव्हा दगडी घरं झाली, आणि पैसा गेला म्हणून ती पाडून नवी बांधायची कुणाची ऐपत राहिली नाही. सफोकमधलं लॅव्हनम घ्या. १५२४ च्या करवसुलीत ते इंग्लंडमधलं चौदाव्या क्रमांकाचं श्रीमंत गाव होतं. तिथलं निळं जाड कापड परदेशी जायचं. पुढे कोलचेस्टरला डच निर्वासित विणकरांनी हलकं आणि स्वस्त कापड काढलं आणि लॅव्हनमचा धंदा बसला. लाकडी सांगाड्याची घरं वाकडी-तिकडी होत तशीच राहिली. आज लोक तीच बघायला येतात. कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांचंही तेच. कापडाच्या गिरण्या कोळशाजवळ, यॉर्कशायरकडे गेल्या आणि इकडचा काळ थांबला. त्या मधाळ रंगाच्या भिंतींपुढे उभं राहताना विणकरांच्या किती पिढ्यांचा रोजगार गेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

---

भटकी_भिंगरी

अगदी पटलं. कॉट्सवोल्ड्समधल्या बायबरी या खेड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण सगळ्यांच्या यादीत ते पहिलं असतं. आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ मुळात साधारण १३८० मधलं मठाचं लोकरीचं कोठार. सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. काही ब्रिटिश पासपोर्टच्या आतल्या पानावरही तिचं चित्र होतं. आहे सुंदरच, पण भर दुपारी त्या एवढ्याशा पायवाटेवर शेकड्याने माणसं असतात. लोक खिडकीला नाक लावून आत बघतात. अहो, आत भाडेकरू राहतात! आपल्या लोकांना कळकळीची विनंती, दारातल्या पायरीवर बसून फोटो काढू नका.

जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत जा. नाहीतर लेकॉकला जा. जवळपास अख्खं गाव नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं, १९४४ मध्ये टॅल्बट घराण्याने देऊन टाकलेलं. घरांवर टीव्हीच्या डिशा नाहीत, तारा दिसत नाहीत. शेजारचा मठ १२३२ मध्ये एका सरदारणीने जोगिणींसाठी स्थापन केलेला. त्याच वास्तूतल्या एका खिडकीचं चित्र छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅल्बटने १८३५ मध्ये कागदावर उतरवलं, ती उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह. ती खिडकी अजून तिथेच आहे, समोर उभं राहून फोटो काढता येतो.

---

कृष्णाकाठ

छान धागा. मी सांगलीत राहतो, इंग्लंडला कधी येईन माहीत नाही, पण वाचायला आवडतंय. एक प्रश्न. आमच्याकडे जुने वाडे एकेक करून पडतायत. वारसदार दहा, दुरुस्तीला कुणाकडे पैसे नाहीत, शेवटी बिल्डर. तिकडे चारशे वर्षांची घरं कशी सांभाळतात? पैसा गेला म्हणून टिकली हे मान्य, पण गरिबीत घरं पडतातही.

---

गावकुस

कृष्णाकाठ, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. गरिबीने पाडापाडी थांबली, पण पुढे सांभाळलं ते कायद्याने आणि काही वेड्या माणसांनी. नॅशनल ट्रस्ट १८९५ चा. १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर ऐतिहासिक इमारतींची पद्धतशीर यादी सुरू झाली. यादीत घर आलं की मालकाला खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागते. प्लास्टिकच्या चौकटी चालत नाहीत. गवताने शाकारलेलं छप्पर असेल तर ते पुन्हा गवतानेच शाकारावं लागतं. त्यासाठी लागणारे कारागीर अजून आहेत, कारण काम सतत निघत राहतं. मला वाटतं आपल्याकडे हाच दुवा तुटलाय. चुन्याचं काम आणि जुनं सागवानी काम जाणणारा माणूस मिळत नाही, मग मालकाने कितीही मनावर घेतलं तरी करणार काय?

दुसरी बाजूही सांगतो. या गावांत घरांच्या किमती अशा वाढल्यात की तिथेच जन्मलेल्या मुलांना राहणं परवडत नाही. बरीच घरं लंडनवाल्यांची, सुट्टीपुरती उघडणारी. भिंती टिकल्या, पण गावात माणूस टिकवायचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. म्हणूनच जिथे आठवड्याला खरा बाजार भरतो आणि खाटीक, लोहारी सामान, पोस्ट अजून चालू आहे अशा गावात चार पैसे खर्च करावेत असं मला मनापासून वाटतं.

---

इतिहासवेडा

गावकुस, उत्तम सुरुवात. हिंदुस्थानशी आणि आपल्या महाराष्ट्राशी थेट नातं सांगणाऱ्या तीन जागांची भर घालतो. तिन्ही खेड्यांतल्याच.

पहिली सेझिनकोट, मोरटन-इन-मार्शजवळ. कॉट्सवोल्ड्सच्या मेंढ्यांच्या कुरणांत अचानक हिरवट तांब्याचा घुमट, छत्र्या आणि छज्जे दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलने आपल्या वास्तुविशारद भावाकडून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे घर बांधून घेतलं. बागेत सूर्याचं देऊळ आहे, पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत आणि पुलाखालचे जाड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून बेतलेत. बागेच्या आखणीत चित्रकार थॉमस डॅनिएलची मदत होती. हे नाव लक्षात ठेवा. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं पुण्यात चित्र काढणारा जेम्स वेल्स, त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली होती. वेल्स १७९५ मध्ये वारल्यावर ती छापायोग्य करून १८०३ मध्ये याच डॅनिएलने प्रसिद्ध केली. घर ठरावीक दिवशीच उघडं असतं, आधी बघून जा.

दुसरी जागा ऑक्सफर्डशायरमधलं स्टोक रो. हे चिल्टर्न टेकड्यांवरचं खेडं. खाली खडूचा सच्छिद्र खडक, पाणी कुठल्या कुठे मुरून जायचं, उन्हाळ्यात डबक्यांवर भागवायचं. इथल्या जमीनदार घराण्यातला एडवर्ड रीड बनारसकडे मोठा अधिकारी होता. गावात पाणी पिऊन संपवलं म्हणून एका पोराला आईने मारलं, ही हकिगत त्याने काशीनरेशांना सांगितली. महाराजांनी स्वतःच्या खर्चाने त्या खेड्याला विहीर दिली. १८६४ मध्ये ती सुरू झाली. खोली ३६८ फूट, सगळी हाताने खणलेली. जेमतेम चार फूट रुंदीच्या त्या भोकात माणसं उतरत होती. वर घुमटी, खाली रहाट, रहाटावर सोनेरी हत्ती. गावकऱ्यांना पाणी फुकट. जवळच चेरीची बाग लावून विहिरीचा खर्च तिच्या उत्पन्नातून भागवायची सोय केली होती. हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलेल्या संपत्तीबद्दल आपण पुष्कळ वाचतो. इथे एक हिंदी राजा इंग्रज खेडुतांना पाणी पाजतोय. मी त्या घुमटीखाली बराच वेळ उभा होतो.

तिसरी जागा सरे परगण्यातलं लिम्प्सफील्ड. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळचा पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने अखेरची वर्षं या गावात काढली. १८५९ मध्ये तो तिथेच वारला. गावाचा मुख्य रस्ता जुन्या घरांनी भरलेला आहे. लंडनहून अर्ध्या दिवसात होतं.

---

निळावंती

सगळे कॉट्सवोल्ड्स आणि दक्षिणेकडचंच बोलताय, उत्तरेवर अन्याय होतोय! मी शेफील्डला असते.

सोमवारी बेकवेलला जा. गावात बाजार आणि नदीपलीकडे जनावरांचा बाजारही. लिलाव करणारा एका दमात आकडे म्हणत जातो, शेतकरी भुवई हलवतात आणि मेंढरं विकली जातात. आत जाऊन बघायला कुणी अडवत नाही, फक्त मधे मधे येऊ नका. घरी गुरं असलेल्या माझ्या सासऱ्यांना लंडनमधलं काही आठवत नाही, हे मात्र सगळ्यांना सांगतात. स्किप्टनला सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार बाजार असतो. रस्त्याच्या वरच्या टोकाला किल्ला. लीड्सहून गाडीने पाऊण तास.

बेकवेलपासून जवळच ईम हे गाव आहे. तिथे बाजार नाही, पण चुकवू नका. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग आला. धर्मगुरू मॉम्पेसन याने गावाला समजावलं की कुणी वेशीबाहेर जायचं नाही, रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. एका शेतकरी बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली, ती थडगी शेतातल्या लहानशा दगडी कुंपणात आहेत. वेशीवरच्या दगडाला भोकं पाडलेली आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून नाणी उचलून न्यायचे. भोकांच्या कडा बोटं लागून लागून गुळगुळीत झाल्यात. आजी-आजोबांकडून पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्या पिढीला त्या दगडापुढे वेगळं काही सांगावं लागत नाही.

---

सातारकर

+१ निळावंती.

पायवाटांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथे खाजगी शेतातूनही सार्वजनिक पायवाटेचा हक्क असतो, शेतकरी अडवू शकत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या, त्यात त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. चिपिंग कॅम्पडनहून थेट बाथपर्यंत १०२ मैलांची कॉट्सवोल्ड वे आहे. पहिला मैलभर चढून डोव्हर्स हिलवर गेलात तरी सगळं खोरं दिसतं. फाटक जसं असेल तसं ठेवून पुढे जायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरं असलेल्या गाईंच्या कळपातून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. आपल्याला गाई शांत वाटतात, पण इथे दर वर्षी यात माणसं जखमी होतात.

---

जाईजुई

सगळ्यांचे आभार, किती सुंदर लिहिताय! माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. जूनमध्ये आई-बाबा येतायत, दोघंही सत्तरीच्या पुढे. आईचे गुडघे दुखतात, ती शाकाहारी आहे, अंडंही नाही. आम्ही गाडी चालवत नाही. लंडनहून रेल्वेने एका दिवसात जमेल असं कुठलं?

---

गावकुस

जाईजुई, तुमच्यासाठी दोन पर्याय.

मोरटन-इन-मार्श, मंगळवारी. लंडन पॅडिंग्टनहून थेट गाडी, साधारण एक तास चाळीस मिनिटं. स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटांत बाजार. रस्ता रुंद आणि सपाट, गावातून फॉस वे हा रोमनांचा जुना रस्ता जातो. भाजी, चीज, कापड, रोपं, सगळं मांडलेलं असतं. आईंना बाकावर बसून बघता येईल.

दुसरा पर्याय सॅफ्रन वॉल्डन, मंगळवार किंवा शनिवार. इथे पूर्वी केशराची लागवड होती, नावातच केशर आहे. गाडी ऑडली एंड स्टेशनपर्यंत आणि तिथून दोन मैल टॅक्सी किंवा बस. चढ थोडा आहे.

चौघं मिळून जाणार असाल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड बघा, मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट. पण त्यासाठी सोबत निदान एक लहान मूल हवं. फक्त बाबा आणि आई, किंवा तुम्ही आणि आई अशी जोडी असेल तर टू टुगेदर हे दोघांचं रेलकार्ड घ्या.

जेवणाचं सांगतो. पबमध्ये टेबलावर कुणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन सांगायचं. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते सहालाच उघडतं, म्हणून एकच्या आत बसा. प्लाउमन्स लंच मागा: चेडर चीज, ताजा पाव, कांदा, आंबटगोड पिकल. मांस नको असं आधीच सांगा, काही ठिकाणी हॅम घालतात. भाजलेला बटाटा आणि बीन्स बहुतेक कॅफेंत मिळतात. स्कोन आणि केक यांत मात्र अंडं असतंच असं धरून चला, नीट विचारा.

---

इतिहासवेडा

जाईजुई, मोरटनला गेलात आणि बाबांना उत्साह असेल तर दुसऱ्या खेपेला बर्फर्ड. उताराचा देखणा रस्ता, खाली विंडरश नदी. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, त्याच्या शिशाच्या पत्र्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलंय: अँथनी सेडली, १६४९, कैदी. यादवीत राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातल्या समतावादी सैनिकांनी बंड केलं, तेव्हा शेकडो जणांना या चर्चमध्ये कोंडलं होतं. तिघांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या आणि बाकीच्यांना छपरावरून ते बघायला लावलं. सेडली वाचला. त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहून गेलंय. वाकून, मोबाइलचा उजेड तिरपा धरला तर नीट वाचता येतं.

---

भटकी_भिंगरी

आणि रविवारी या भागात बसने फिरायचा बेत करू नका. बऱ्याच मार्गांवर बस एकतर नसतात, नाहीतर दोन-तीनच. २०२५ मध्ये बऱ्याच बसना एका बाजूच्या प्रवासाला तीन पाउंडांपेक्षा जास्त लागत नव्हते.

---

जाईजुई

मंगळवार ठरला, मोरटनच. आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "तिकडे भाजी कशी देतात, वजनावर की नगावर?"

---

गावकुस

दोन्ही. बटाटे-कांदे वजनावर. बऱ्याच ठेल्यांवर वाडगे भरून मांडलेले असतात, एक वाडगा एक भाव. दुपारी तीननंतर आवरायची वेळ आली की दोन वाडगे एका भावात देतात, तेव्हा आईंना पिशवी बरोबर ठेवायला सांगा.